ग्राउट वाळूच्या कॉलममध्ये चढता चढता थांबतं : प्रेशर वाढवायच्या आधी काय तपासायचं

परमिएशन ग्राउटिंगवर (वाळूची रचना न हलवता तिच्या छिद्रांत सिमेंटचं पातळ मिश्रण, म्हणजे ग्राउट, भरण्यावर) लॅबमध्ये काम करणाऱ्या जवळपास सगळ्यांना हा प्रॉब्लेम येतो आणि एकदा आला की पिच्छा सोडत नाही. वाळूचा कॉलम भरला, पाण्याने सॅच्युरेट केला, मायक्रोफाइन (अतिशय बारीक दळलेल्या) सिमेंटचं ग्राउट खालून सोडलं, सुरुवातीला मस्त वर चढतं आणि मग फ्लो कमी होत होत बंदच. प्रेशर वाढवलं की थोडं सरकतं, परत थांबतं, अजून वाढवलं की मोल्डच्या भिंतीच्या कडेने वाट काढून एकदम वर येतं आणि आपल्याला वाटतं चला, झालं एकदाचं. मोल्ड उघडला की कळतं, खालचा भाग दगडासारखा कडक आणि वरची वाळू बोटाने उकरली तरी सुटतेय. सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे हिशोबाप्रमाणे ग्राउट जायलाच हवं होतं, आणि मागच्या वेळी त्याच वाळूत त्याच सिमेंटने ते गेलंही होतं.

नवीन रिसर्च स्टुडंट्स मला हेच वारंवार विचारतात म्हणून एकदा सविस्तर लिहितोय. ग्राउट अडलं की बहुतेक जण दोन गोष्टी करतात, एकतर प्रेशर वाढवतात नाहीतर ग्राउटमध्ये पाणी वाढवतात, आणि दोन्हीमुळे खरं कारण झाकलं जातं. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा वाळूचा दोष नसतो आणि पंपाचाही नसतो, आपण जे ग्राउट आत सोडतोय त्यातले कण आपण हिशोबात धरलेत त्यापेक्षा कितीतरी मोठे झालेले असतात. म्हणून तपासणी ग्राउटपासून सुरू करा, वाळू आणि पंप नंतर.

आधी हिशोब कुठे फसवतो ते बघू. ग्राउटेबिलिटी रेशो सगळ्यांना पाठ असतो, वाळूचा डी-१५ भागिले सिमेंटचा डी-८५ (डी-१५ म्हणजे ज्या साइझपेक्षा १५ टक्के कण बारीक असतात तो साइझ, डी-८५ तसाच ८५ टक्क्यांचा), मिचेल यांनी १९८१ साली मांडलेल्या निकषाप्रमाणे हा आकडा २४ च्या वर असेल तर ग्राउट जाईल, ११ च्या खाली असेल तर जाणार नाही, आणि मधलं सगळं बेभरवशाचं. समजा वाळूचा डी-१५ आहे ०.२५ मिमी आणि मायक्रोफाइनचा डी-८५ आहे ९ मायक्रॉन, म्हणजे रेशो जवळपास २८, छान. पण हा ९ चा आकडा आला कुठून? सिमेंटच्या डेटाशीटवरून. आणि डेटाशीटवरचा आकडा लेझर पार्टिकल साइझरचा असतो, तिथे पावडर कोरडी किंवा अल्कोहोलमध्ये, तेही बहुतेक वेळा अल्ट्रासॉनिकने कण सुटे सुटे करून मोजलेली असते. आपण मात्र तीच पावडर पाण्यात टाकतो, आणि पाण्यात सिमेंटचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जितकं बारीक सिमेंट तितकी चिकटायची ओढ जास्त. त्या गुठळ्यांचा डी-८५ समजा ३० मायक्रॉन झाला तर रेशो येतो ८ च्या आसपास, म्हणजे निकषाप्रमाणे सुद्धा ग्राउट जाणारच नाही. कॉलम बरोबरच सांगत असतो, आपला भागाकार चुकीच्या आकड्याने केलेला असतो.

(रेशोमध्ये फक्त कणांचा साइझ असतो ही त्याची दुसरी मर्यादा. अकबुलुत आणि साग्लामेर यांनी २००२ मध्ये दिलेल्या सूत्रात पाणी-सिमेंट प्रमाण, वाळूतले फाइन्स (अगदी बारीक कण), प्रेशर आणि रिलेटिव्ह डेन्सिटी (वाळू किती घट्ट बसलीय) पण धरलीय, ते वापरून बघायला हरकत नाही, पण सिमेंटचा कण तिथेही डेटाशीटवरूनच घेतलात तर हाच घोळ परत होणार.)

आता गुठळ्या आहेत की नाहीत हे कसं बघायचं. महागडं काही लागत नाही, ४५ मायक्रॉनची चाळणी पुरते. चाळणी आधी पाण्याने ओली करून घ्या नाहीतर पाण्याच्या ताणामुळेच ग्राउट वर थांबतं आणि उगाच गैरसमज होतो. मिक्सरमधून काढलेलं ग्राउट लगेच अर्धा-एक लिटर त्यातून ओता, बोटाने किंवा ब्रशने घासायचं नाही, फार तर चाळणीला हलके टिचके मारा. ज्या सिमेंटचे ९५ टक्के कण २० मायक्रॉनच्या आत आहेत असं म्हणतात ते ४५ मधून जवळपास पूर्ण जायला पाहिजे. वर थर राहिला तर तो थर नीट बघा, हीच सगळ्यात कामाची पायरी आहे आणि हीच लोक सोडून देतात. चिमूटभर घेऊन दोन बोटांत चोळा. लगेच लोण्यासारखं मऊ होऊन विरघळलं तर मिक्सिंग कमी पडलंय किंवा प्लास्टिसायझर (सिमेंटचे कण सुटे ठेवणारं रसायन) काम करत नाहीये. चोळल्यावरही बारीक खर लागत राहिली, रवाळ कण तसेच राहिले, तर सिमेंटला आधीच हवेतली ओल लागून ते थोडंफार हायड्रेट झालंय, आणि ते कुठल्याही मिक्सरने सुटणार नाही.

"मागच्या वेळी गेलं, आता जात नाही" ही जी तक्रार आहे ना, तिचं उत्तर पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारात सापडतं. मायक्रोफाइनचं पृष्ठफळ साध्या सिमेंटच्या दुप्पट-तिप्पट असतं, ते ओल फार पटकन धरतं. गोणी उघडली, दोन-चार सॅम्पलपुरतं काढलं, तोंड दुमडून रबर लावला आणि पुढच्या टेस्टसाठी ठेवून दिलं, एवढ्यात दमट हवेत त्याचं वाटोळं होतं, दिसायला पावडर तशीच दिसते. गोणी उघडल्या दिवशीच एका बॅचपुरत्या हवाबंद पिशव्या भरून ठेवा, पिशवीवर तारीख टाका, आणि उघडलेली पिशवी परत बंद करून वापरायची नाही. पीएचडीची तीन वर्षं एकाच गोणीवर ओढायचा प्रयत्न केलात तर पहिल्या आणि शेवटच्या रिझल्टची तुलना कशाशी करणार?

मिक्सिंगकडे येऊ. ड्रिलला पॅडल लावून किंवा मॉर्टरच्या मिक्सरने मायक्रोफाइन मिसळणार असाल तर खरं सांगतो, पुढचं काहीच करू नका, आधी हाय शिअर मिक्सर मिळवा. साधारण १५०० आरपीएमच्या वर फिरणारा, ज्यात ग्राउट अरुंद फटीतून जोरात घासलं जातं असा. क्रम असा ठेवा, आधी सगळं पाणी, मग मिक्सर चालू ठेवून सिमेंट हळूहळू, ओतून मोकळं व्हायचं नाही. प्लास्टिसायझर सगळा एकदम सुरुवातीच्या पाण्यात टाकण्यापेक्षा सिमेंट भिजल्यावर मिनिटभराने टाकला तर बऱ्याचदा जास्त काम करतो, नॅप्थलीन प्रकारात तर हा फरक स्पष्ट दिसतो. डोस स्वतः ठरवा, डेटाशीटवरचा डोस साध्या सिमेंटसाठी असतो आणि मायक्रोफाइनला पृष्ठफळ जास्त म्हणून जास्त लागतो. पीसीई (पॉलीकार्बोक्सिलेट प्रकारचा प्लास्टिसायझर) वापरताना फेस येतोय का ते बघा, काही पीसीई हवा धरतात आणि ते बुडबुडे वाळूच्या छिद्रात अडकून वाट बंद करतात, अशा वेळी डिफोमर लागतो. आणि मिक्सिंग जितकं जास्त तितकं चांगलं असं पण नाहीये, हाय शिअरमध्ये ग्राउट तापतं, ताप वाढला की हायड्रेशन लवकर सुरू होतं आणि प्लास्टिसायझरचा असर उतरतो. मिक्सरमध्ये थर्मामीटर ठेवायची सवय लावून घ्या, फार सोपी गोष्ट आहे आणि फार उपयोगाची.

बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती) वापरणाऱ्यांसाठी एकच, ते वेगळ्या पाण्यात आदल्या दिवशी भिजवून फुगवून घ्यायचं आणि मगच ग्राउटमध्ये टाकायचं. सिमेंटच्या पाण्यात कोरडं बेंटोनाइट टाकलं की त्यातल्या कॅल्शियममुळे ते फुगतच नाही, उलट गोळे होतात.

मिक्सिंग उत्तम झालं, चाळणी स्वच्छ, तरीही अडतंय? मग ग्राउट मिक्सरपासून वाळूपर्यंत कसं जातं तो रस्ता बघा. दोन जागा आहेत. एक, प्रेशर पॉट, म्हणजे ज्यातून ग्राउट दाबाने कॉलममध्ये सोडतो ते बंद भांडं. पुष्कळ लॅबमध्ये प्रेशर पॉटला स्टिररच नसतो, ग्राउट ओतलं, झाकण आवळलं, रेग्युलेटर सेट केला, फोटो काढला, तोवर सिमेंट तळाशी बसायला लागतं आणि आउटलेट तळालाच असतो म्हणजे सगळ्यात आधी घट्ट गाळच आत जातो. दोन, कॉलमच्या तळाचा फिल्टर. ट्रायअ‍ॅक्सियलचा पोरस स्टोन (सच्छिद्र दगडाची चकती) तिथे बसवलेले सेटअप मी पाहिलेत, बारीक जिओटेक्स्टाइल लावलेले पण पाहिलेत, आणि मग लोक वाळूचा रेशो काढत बसतात. त्या दगडाची छिद्रं वाळूच्या छिद्रांपेक्षा बारीक असली तर टेस्ट दगडाची होते, वाळूची नाही. तिथे जाड जाळी आणि तिच्यावर पाच-सहा सेंटिमीटर बारीक खडीचा थर द्या, खडी आणि वाळूच्या मध्ये जाड वाळू, बस. ग्राउट सगळ्या क्षेत्रात सारखं पसरतं हा आणखी एक फायदा.

इथे एक साधा पण जबरदस्त तपास सांगतो जो फार कमी लोक करतात. कॉलमच्या वरून जे बाहेर येतं त्याची घनता मोजा. सुरुवातीला पाणी येईल, मग गढूळ, मग ग्राउट. हे छोट्या बाटल्यांमध्ये एकामागून एक गोळा करा आणि प्रत्येकीची घनता मड बॅलन्सवर (घनता मोजायच्या तराजूवर) किंवा नुसतं ठरावीक आकारमानाचं वजन करून काढा. पाणी-सिमेंट प्रमाण २ चं ग्राउट आत सोडलं असेल तर त्याची घनता येते १.२९, सिमेंटची सापेक्ष घनता ३.१५ धरून. वरून येणारं दिसायला अगदी ग्राउटच दिसतं, राखाडी, हाताला चिकट, पण घनता समजा १.१२ भरली तर हिशोब करून बघा, त्यातलं पाणी-सिमेंट प्रमाण ५ च्याही वर गेलेलं असतं. म्हणजे अर्ध्याहून जास्त सिमेंट वाळूने गाळणीसारखं वाटेतच धरून ठेवलंय. पेपरमध्ये मात्र "ग्राउट पूर्ण उंचीत पोचलं" असं लिहिलं जातं, कारण वरून राखाडी पाणी आलेलं डोळ्यांनी दिसलं. असा कॉलम कापून वरच्या आणि खालच्या तुकड्यांची अनकन्फाइन्ड स्ट्रेंग्थ (बाजूने आधार न देता दाबून मोजलेली ताकद) काढली तर दोन्हींत कित्येक पटींचा फरक येतो आणि मग त्यांची सरासरी काढून ग्राफवर एक ठिपका दिला जातो. त्या ठिपक्याला काही अर्थ नाही हो, तो कुठल्याच वाळूचा ठिपका नाहीये. तुकडागणिक रिझल्ट द्या, इनलेटपासूनचं अंतर लिहून.

थांबण्याची कारणं मुळात तीन असतात आणि तिन्हींची वागणूक वेगळी असते, म्हणून फ्लो आणि प्रेशर वेळेबरोबर नोंदवणं गरजेचं आहे, नुसतं शेवटचं पेनिट्रेशन लिहून काही कळत नाही. कण गाळले जाऊन वाट बंद होत असेल तर थांबणं हळूहळू येतं, प्रेशर वाढवल्यावर थोडं सरकून लगेच परत तसंच होतं, आणि इनलेटजवळ घट्ट चकती सापडते. ग्राउटच्या यील्ड स्ट्रेसमुळे (ते वाहायला लागण्यासाठी लागणाऱ्या किमान ताणामुळे) थांबलं असेल तर प्रेशर दुप्पट केल्यावर जवळपास दुप्पट अंतर जातं आणि तिथे थांबतं, चकती नसते. आणि ग्राउट घट्ट व्हायला लागलं असेल तर पॉटमध्ये उरलेल्या ग्राउटमध्येच ते दिसतं, त्याचा मार्श कोनचा वेळ (ठरावीक नरसाळ्यातून वाहून जायला लागणारा वेळ) परत काढा (९४६ मिली पाण्याला २६ सेकंद लागतात, आधी कोन पाण्याने तपासून घ्या), सुरुवातीच्या वेळेपेक्षा बराच वाढला असेल तर प्रश्न वाळूचा नाहीच. शक्य असेल तर प्रेशर कायम ठेवण्यापेक्षा फ्लो रेट कायम ठेवून टेस्ट करा, मग प्रेशरचा ग्राफ सरळ रेषेत चढत असेल तर पाण्याच्या जागी जास्त चिकट ग्राउट भरत चाललंय एवढंच, आणि रेषा वर वळायला लागली की तिथून गाळणं सुरू झालंय. हा वळणाचा क्षण पकडता आला तर अर्धं निदान झालं.

प्रेशर वाढवणाऱ्यांसाठी एक आकडा. अर्धा मीटर उंचीच्या सॅच्युरेटेड वाळूचा तळाशी इफेक्टिव्ह स्ट्रेस (पाण्याचा दाब वजा करून कणांवर उरणारा ताण) जेमतेम ५ केपीए असतो. तिथे आपण १०० केपीए सोडतो. वरची कॅप रॉडने घट्ट आवळलेली नसेल तर वाळू उचलली जाते, फाटते, आणि ग्राउट फटीतून जातं, त्याला परमिएशन म्हणता येत नाही. कॅप आवळलेली असली तरी गुळगुळीत अ‍ॅक्रिलिकच्या भिंतीलगत वाट सापडतेच, म्हणून आतून ग्रीसचा पातळ हात देऊन त्यावर तीच वाळू भुरभुरवून घ्या.

पाणी वाढवण्याचंही तसंच. प्रमाण ३ केलं की ग्राउट जातं खरं, पण मग छिद्रांच्या आत सिमेंट खाली बसतं आणि वर पाण्याचा कप्पा राहतो, म्हणजे ताकदही कमी आणि पाणी झिरपायला वाट पण मोकळी. दोन तासांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी वर सुटत असेल तर ते स्टेबल ग्राउट नाही, हा जुना निकष आजही चांगला आहे, मोजपात्रात ओतून ठेवलं की कळतं. त्याच्या जोडीला प्रेशर फिल्ट्रेशन काढा, ड्रिलिंग मडचा जो फिल्टर प्रेस असतो तोच, ७ बार प्रेशर. गाळून आलेल्या पाण्याचं सुरुवातीच्या ग्राउटशी प्रमाण काढायचं आणि मिनिटांच्या वर्गमुळाने भागायचं. ४०० मिलीतून ९ मिनिटांत ६० मिली आलं तर ०.१५ भागिले ३, म्हणजे ०.०५. हा आकडा दोन मिक्समध्ये तुलना करायला उत्तम, नुसत्या ब्लीडिंगमध्ये (वर सुटणाऱ्या पाण्यात) सारखे दिसणारे दोन मिक्स इथे पार वेगळे निघतात, आणि कॉलममध्ये कोण अडणार ते आधीच कळतं.

वाळूबद्दल आता थोडं. डी-१५ आपण एकजीव नमुन्याचा काढतो, पण कॉलम भरताना बारीक कण वेगळे होतात. ओलसर वाळू थराथराने ठोकून भरली तर प्रत्येक थराचा माथा जास्त दबतो आणि तिथे एक अदृश्य झाकण तयार होतं, ग्राउटचा फ्रंट दर ठरावीक उंचीवर थबकत असेल आणि ती उंची तुमच्या थरांच्या उंचीशी जुळत असेल तर वेगळं कारण शोधू नका. कोरडी वाळू ठरावीक उंचीवरून पावसासारखी पाडून भरा. सॅच्युरेशनला आधी कार्बन डायऑक्साइड आणि मग डिएअर्ड पाणी, खालून, सावकाश, घाई केली की फाइन्स उचलले जाऊन वर एका पट्ट्यात जमतात. अडकलेली हवा पण वाट बंद करते हे विसरू नका. आणि एकदा वापरलेली वाळू धुऊन परत वापरायची नाही, कणांना चिकटलेलं सिमेंट धुऊन जात नाही.

साइटवर काम करणाऱ्यांना हेच सगळं मोठ्या आकारात भेटतं. ट्यूब आ मांशेतच्या (बोअरमध्ये बसवलेल्या, ठरावीक अंतरावर रबरी स्लीव्ह असलेल्या ग्राउटिंग पाइपच्या) स्लीव्हमधून जमिनीने ग्राउट घेणं बंद झालं की रिफ्यूजल आलं असं लिहितात, पण छिद्रं भरल्यामुळे बंद झालं की बोअरभोवती गाळाची चकती बसल्यामुळे, हे त्या एका शब्दात कळत नाही. खडकातल्या ग्राउटिंगसाठी लोम्बार्डी आणि डीअर यांनी १९९३ मध्ये मांडलेली जीआयएन (ग्राउटिंग इंटेन्सिटी नंबर) पद्धत प्रेशर आणि व्हॉल्यूमचा गुणाकार बघते, पण तिच्या मुळाशी एकच मिक्स आणि तेही स्टेबल वापरायचं हा आग्रह आहे, आणि नेमकं तेच बाजूला ठेवून फक्त त्या गुणाकाराचा वक्र वापरला जातो.

बायोग्राउटिंग, म्हणजे बॅक्टेरियाने कॅल्साइट बसवणारे, त्यांच्याकडे लक्षण सेम पण कारण वेगळं. तिथेही इनलेटच बुजतं, कारण बॅक्टेरिया आणि युरिया-कॅल्शियम एकत्र आले की रिअ‍ॅक्शन लगेच सुरू होते. मिश्रणाचा पीएच सुरुवातीला कमी ठेवला तर रिअ‍ॅक्शन उशिरा सुरू होते आणि तेवढ्या वेळात ते आत पसरतं. चाळणी वगैरे तिथे कामाची नाही.

शेवटी असंही होतं की सगळं तपासलं, चाळणी स्वच्छ, फिल्ट्रेशन कमी, कॉलम व्यवस्थित, आणि मोजलेला खरा कण घालून रेशो काढला तर तो १२-१५ च येतो. मग ती वाळू त्या सिमेंटसाठी नाहीये, मान्य करा आणि कणच नसलेल्या ग्राउटकडे वळा. सोडियम सिलिकेट स्वस्त आहे पण जेल आकसून पाणी सोडतं, कायमस्वरूपी कामाला मी ते सुचवणार नाही. कोलॉइडल सिलिकाचे कण नॅनोमीटरमध्ये असतात, चिकटपणा सुरुवातीला पाण्याच्या जवळपास, बारीक वाळूत आरामात जातं. फक्त त्याचा जेल टाइम मिठावर आणि पीएचवर चालतो, म्हणून बीकरमध्ये काढलेल्या जेल टाइमवर भरवसा ठेवू नका, कॉलममधून बाहेर येणारं पाणी घेऊन, त्यात तुमची वाळू मूठभर टाकून मग जेल टाइम काढा. खारट पाण्याची वाळू असेल तर इंजेक्शनच्या आधी गोड्या पाण्याने दोन-तीन पोअर व्हॉल्यूम (वाळूतल्या छिद्रांच्या एकूण आकारमानाच्या दोन-तीन पट) फ्लश करा, नाहीतर ते पण इनलेटलाच जमेल.